गोव्यात हॉस्टेल की घरगुती खोली?

भाचीचा फोन आला: "मामा, डिसेंबरात हणजुण्याला जातेय. हॉस्टेल घेऊ की कुणाच्या घरची खोली?" मी दोन्हीकडे राहिलोय.

पैशाचा हिशेब आधी. हॉस्टेलात खाटेचे पैसे, खोलीत खोलीचे. एकटा माणूस असेल तर खाट सरळ स्वस्त. तिघे-चौघे असाल तर तेवढ्या खाटांची बेरीज करा. बऱ्याचदा एसी खोली त्याच पैशात येते. नाताळच्या आठवड्यात दोन्हींचे भाव चढतात.

झोप ही हॉस्टेलची खरी दुखरी बाजू. आठ जणांच्या सामायिक खोलीत, म्हणजे डॉर्ममध्ये, पहाटे तीनला कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावून प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरवतोच. वरची खाट मिळाली तर चार्जरची वायर पुरत नाही. इअरप्लग आणि स्वतःचं कुलूप न्यायचंच. लॉकर असतो, कुलूप असेलच असं नाही.

सोबतीत मात्र हॉस्टेल पुढे. थिवी स्टेशनवरून एकटे उतरलात, तरी संध्याकाळी वागातोरच्या किल्ल्यावर जायला चौघे जमतात, गाडीभाड्याचा खर्च वाटला जातो. घरमालकीण काकू फार तर फिशकढी चांगली कुठे मिळते ते सांगतील. (तेही काही कमी नाही म्हणा.)

बाथरूमबद्दल बोलायला नको. खोलीच बरी.

एकटी जाणार असशील तर दोन रात्री हॉस्टेल, मुलींची डॉर्म बघून. मैत्रिणींबरोबर असशील किंवा लॅपटॉपवर काम असेल तर खोली. आईबाबा सोबत असतील तर हॉस्टेलचं नावही काढू नकोस.