सोळाचा सहा करणारा कन्व्हर्जन प्लग: आठ महिन्यांनंतर

सारंगखेड्याच्या यात्रेत रात्री गाडीतला हीटर बंद पडला, पाठोपाठ बाहेरून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मंडपवाल्याच्या बोर्डातला कन्व्हर्जन प्लग उपटताना बोटाला चटका बसला. फेजच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलं होतं.

आम्ही मुक्काम करतो त्या टेम्पो ट्रॅव्हलरला बाहेरची वीज आत घ्यायला निळं 16 अँपिअरचं इनलेट आहे आणि 25 मीटर वायर. त्या निळ्या जोडणीबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. गच्च बसते, वर झाकण, पावसातही निवांत. पण खानदेशात निळं सॉकेट देणार कोण? मिळतं ते पाच-सहा अँपिअरचं साधं सॉकेट, म्हणून सोळाची वायर त्यात बसवायला हा नव्वद रुपयांचा प्लग.

जळगावला परतताच दुकानदाराशी तावातावाने भांडलो. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, किटली लावली होती ना?" तेव्हा राग आला. घरी हिशेब मांडला: किटली 1500, हीटर 800, म्हणजे 230 व्होल्टला 10 अँपिअर. सहाच्या सॉकेटमधून जेमतेम 1380 वॅट घ्यायचे असतात, आणि त्या बोर्डावर सहाची एमसीबीही (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) नव्हती. प्लगने पिनांचा आकार बदलतो, सॉकेटची ताकद नाही. अमेरिकेतल्या अशाच मुक्कामाच्या गाड्यांच्या व्हिडिओंत 30 अँपिअर ऐकून मी उगाच हळहळायचो. तिथे 120 व्होल्ट, म्हणजे 3600 वॅट. आपला सोळाचा पॉइंट 3680 देतो! एवढं कळल्यावर प्लगवरचा राग निम्मा ओसरला. उरलेला निम्मा कायम आहे, कारण किती वॅट चालेल हे त्यावर भिंग घेऊन वाचावं लागतं.

खरी भीती अर्थिंगची. यावलजवळ मामांच्या केळीच्या मळ्यात मोटारीच्या खोलीतून वायर ओढली. आई ओल्या पायांनी जमिनीवर उभी राहून दाराची कडी धरायला गेली आणि ओरडली, "अरे, गाडी झिणझिणतेय!" टेस्टर लावला, तर सॉकेटच्या अर्थच्या भोकामागे वायरच नाही. गाडी उभी रबरी टायरवर, मग गळता करंट जाणार कुठे? माणसातूनच. गाडीतली आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरची आहे, तेवढ्या झिणझिण्यांना ती पडत नाही.

आता तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर आधी, प्लग नंतर. अर्थ नसेल तर त्या रात्री वीज घेत नाही, आई कितीही म्हणो, "राहू दे रे, एका रात्रीचा प्रश्न आहे." वायर गुंडाळीतून पूर्ण उलगडतो, कारण गुंडाळलेली वायर तापते. किटली गेली, चहा गॅसवर.

नवा प्लग 140 ला घेतला. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत 1000 वॅट लिहून ठेवलंय. दिवे, पंखा, बॅटरीचा चार्जर, बस.