अवजारावर अनुदान की वर्कशॉपला मदत?

पायपंप, छोटं मळणीयंत्र, पॉवर टिलर. असं मधल्या पातळीचं तंत्रज्ञान शेतावर आणायला विकसनशील देशांतली सरकारं साधारण दोन तऱ्हेने मदत करतात. मंजूर यादीतलं अवजार घेतलं तर किमतीचा काही भाग सरकार भरतं, नाहीतर ते बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिराला साचे, प्रशिक्षण, खेळतं भांडवल देतं. आमच्या शेतकरी गटाने दोन्ही वापरून पाहिलं.

अनुदानाचं बळ मी कमी लेखणार नाही. हातात रोकड नसलेला माणूस नव्या अवजारावर पैसे घालायला कचरतो. निम्मा भार उतरला की निदान करून तरी बघतो. कागदपत्रांचा त्रास होतो, पण तो सहन होतो.

मला नडली ती मंजूर यादी. अनुदानातून आलेल्या पायपंपाचा पिस्टनवरचा वॉशर झिजला. मग कितीही पाय मारा, पंप नुसती हवा ओढतो. वॉशर म्हणजे चकतीएवढी वस्तू. पण सिलिंडरचं माप असं आडनिडं की जवळच्या वर्कशॉपातला बसेना, बाहेरचा टाकला तर वॉरंटी गेली, आणि कंपनीचा हवा तर शहरातून मागवा. पुरवठादाराला त्याची घाई नव्हती, कारण त्याचे पैसे विक्रीच्या पावतीवर केव्हाच मिळाले होते. इकडे रोपं माना टाकत होती. त्या दिवसांत माझं मत जे फिरलं ते फिरलंच.

वर्कशॉपच्या पंपाचं वेल्डिंग ओबडधोबड असतं, आमचेही पंप सुरुवातीला सांध्यातून गळायचे. दर्जाच्या बाबतीत कंपनीचा माल बहुधा सरस ठरेल. पण गळणारा सांधा त्याच संध्याकाळी भरून मिळाला, आणि पुढच्या पंपात कारागिराने तो जोडच बदलला.

आमच्यापुरतंच हे खरं असेल असंही वाटत नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात अक्षीय प्रवाहाच्या (म्हणजे पीक फिरत्या ड्रमच्या लांबीने सरकत मळलं जातं अशा) मळणीयंत्राचे आराखडे छोट्या कारखानदारांना वापरू दिले. थायलंडच्या कारागिरांनी ते आपल्या पिकाप्रमाणे बदलून घेतले आणि यंत्र पसरलं. बांगलादेशाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस छोट्या डिझेल इंजिनांवरचं आयातशुल्क आणि ठरावीक मॉडेलांचीच अट काढली. स्वस्त चिनी इंजिनं आली आणि पंपाला, टिलरला, नावेला, जिथे लागेल तिथे बसली. गावोगावचे मिस्त्री त्यांवर हात बसवून तयार झाले. टिलर सगळ्यांना घ्यावा लागला नाही, ज्याच्याकडे होता तो भाड्याने दुसऱ्याचं शेत नांगरून द्यायचा. मला तर यादी रद्द करणं हीच तिथली मोठी सरकारी मदत वाटते.

तरीही, जवळपास वेल्डिंग जाणणारा कुणीच नसेल, किंवा अवजारात बारीक यंत्रणा असेल, तर अनुदान घ्या. वर्कशॉप उभं राहायला वेळ लागतो, हंगाम थांबत नाही. फक्त सही करण्याआधी सगळ्यात लवकर झिजणारा भाग कोणता ते विचारा आणि तो घेऊन जवळच्या मिस्त्रीकडे जा. त्याने "करून देतो" म्हटलं तर यादीतलं अवजारही चालेल. नाही म्हणाला, तर मी तरी तो पैसा त्या मिस्त्रीच्या लेथसाठी मागेन.