स्वस्तातला ८ चॅनेल लॉजिक अ‍ॅनालायझर, आठ महिने रोज वापरल्यावर

घेतला तेव्हा एवढ्यावर लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं. लॉजिक अ‍ॅनालायझर म्हणजे वायरीवरचा सिग्नल कधी शून्य, कधी एक होतो ते लॅपटॉपवर रेघेत दाखवणारं यंत्र. काड्यापेटीएवढी काळी डबी, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला दहा पिना, २४ मेगाहर्ट्झ, आठ चॅनेल, साडेपाचशे रुपये. सोलापुरात दोन-तीन दुकानं फिरलो, कुणाकडं नव्हता, शेवटी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं येणाऱ्या मित्राला आणायला सांगितला. आमच्याकडं बऱ्याच पार्टचं असंच असतं.

घ्यायचं कारण मामांचे माग. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचे टॉवेलचे बारा माग आहेत, त्यातल्या चार मागांना मी पिक, म्हणजे विणताना जाणारे आडवे धागे, मोजायचा काउंटर बसवला होता. आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, क्रँकच्या चाकावरचा बोल्ट जवळ आला की सिग्नल देणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि आय-टू-सीवरचा (दोन वायरींवर डेटा नेणारी पद्धत) सोळा बाय दोनचा एलसीडी, एवढंच. घरी टेबलावर पंख्याला बोल्ट बांधून मोजलं तर एक आकडा चुकत नव्हता. मागावर लावला की बिघडायचा, खरे ४०० पिक झाले की काउंटरवर कधी ४१० तर कधी ५२०. मामा म्हणाले, "अरे बाबा, ह्यावर मी लोकांचा हिशोब कसा लावू? जास्त दाखवला तर मला भुर्दंड, उद्या कमी दाखवला तर त्यांच्या पोटावर पाय." ते मला फार लागलं, कारण त्यांचं बरोबर होतं.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. सेन्सर बदलला, परत बदलला, नॅनो बदलला, कोडमध्ये डिले वाढवला, कमी केला, पॉवर सप्लाय बदलला. दीड महिना गेला आणि अ‍ॅनालायझरच्या दुप्पट पैसे गेले.

डबी आल्यावर लॅपटॉप घेऊन थेट कारखान्यात गेलो. एक चॅनेल सेन्सरच्या पिनवर, ग्राउंड ग्राउंडला, पल्सव्ह्यू हे सिग्नल बघायचं सॉफ्टवेअर उघडलं, सॅम्पल रेट २०० किलोहर्ट्झ ठेवला कारण पिक तर मिनिटाला १४० च्या आसपास, म्हणजे दोन पिकमध्ये जवळजवळ ४३० मिलिसेकंद, एवढ्या सावकाश गोष्टीला अजून कशाला पाहिजे. स्क्रीनवर सगळं स्वच्छ. ३५ मिलिसेकंदाचा पल्स, मग शांत, मग पल्स, आणि शेजारी एलसीडीवर आकडा पुढं पळतोय! मला वाटलं डबीच बाद आहे.

चूक सॅम्पल रेटची होती. २०० किलोहर्ट्झ म्हणजे दर ५ मायक्रोसेकंदाला एकदा बघणं, मधे जे होतं ते ह्याला दिसतच नाही. रेट १२ मेगाहर्ट्झ केला आणि मागवाल्या आण्णांना म्हटलं शेजारचा माग जरा बंद-चालू करा की. त्यांनी स्विच दाबला आणि झूम केल्यावर सपाट रेघेत केसाएवढ्या बारीक काड्या दिसल्या, एक-दोन नाही, आठ-दहा, प्रत्येक दोन-अडीच मायक्रोसेकंदाची. शेजारच्या मोटरच्या स्विचची ठिणगी सेन्सरच्या वायरीत उतरत होती, आणि नॅनोचा इंटरप्ट, म्हणजे पिन बदलली की लगेच धावणारा कोडचा तुकडा, १६ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याला अडीच मायक्रोसेकंद म्हणजे चाळीस क्लॉक, तो इमानदारीत प्रत्येक काडी मोजत होता. दीड महिना मी ज्याला शिव्या घातल्या तो कोडचा भाग बिचारा सांगितलेलं कामच करत होता.

त्यानंतर दुरुस्ती एका संध्याकाळची. सेन्सरची वायर मोटरच्या वायरीपासून लांब नेली, शिल्डवाली घेतली, पुल-अप, म्हणजे पिनला वर ओढून धरणारा रेझिस्टर, १० के होता तो २.२ के केला, पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कोडमध्ये एवढंच की पल्स आला की ५ मिलिसेकंदानं पिन परत वाच, अजून खाली असेल तरच खरा, आणि खऱ्या पिकनंतर २०० मिलिसेकंद काही मोजू नको. हे आकडे मी स्क्रीनवर मोजून घेतले, अंदाजानं टाकले नाहीत, आणि माझ्यासाठी ह्या डबीची खरी किंमत तिथंच वसूल झाली.

एलसीडी अधूनमधून गोठायचा ते पण ह्यानंच पकडलं. पल्सव्ह्यूत सिग्नलचा अर्थ लावणारा आय-टू-सी डिकोडर लावला तर एलसीडीचा ०एक्स२७ पत्ता जातोय आणि पुढं एसडीए, म्हणजे डेटाची वायर, खालीच अडकलेली. दोन मीटर साध्या वायरीवर आय-टू-सी चालवणं हीच चूक, वायर आखूड केली. आर्डुइनोच्या 'वायर' नावाच्या कोड लायब्ररीत टाइमआउट (अडकलं तर वाट बघणं सोडून द्यायची सोय) असतो पण तो मुळात बंद असतो, आपण चालू करावा लागतो, तो पण केला. विषय संपला.

तिसरी गोष्ट मे महिन्यातली. एका बोर्डावर पैसे वाचवायला क्रिस्टल, म्हणजे अचूक ठोके देणारा बाहेरचा भाग, न लावता नॅनोवरचाच अ‍ॅटमेगा ३२८ कंट्रोलर आतल्याच ८ मेगाहर्ट्झ क्लॉकवर चालवला. रात्री घरी सिरीयलवर सगळा डेटा बरोबर, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये नुसता कचरा. सोलापूरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, एक बिट १०४ मायक्रोसेकंदाचा पाहिजे. रात्री मोजला तर १००, दुपारी ९९. दिसायला एकाचाच फरक, पण चूक चार टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर गेली, आणि स्टार्टपासून स्टॉप बिटापर्यंत दहा बिट जाता जाता ती साठून अर्ध्या बिटाला टेकते, मग समोरचा भलताच बिट वाचतो. म्हणजे रात्री पण तो कसाबसाच काठावर चालत होता. आतला क्लॉक कंपनीतून दहा टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं असू शकतो हे डेटाशीटमध्ये लिहिलेलंच आहे, मी वाचलं नव्हतं. आता क्रिस्टल लावतो.

आता सेटिंगचं. विंडोजवर झाडिग हे ड्रायव्हर बसवायचं सॉफ्टवेअर चालवून विनयूएसबी ड्रायव्हर टाकावा लागतो, तो टाकल्याशिवाय पल्सव्ह्यूला डबी दिसत नाही, नवीन माणूस इथंच अडकतो. लिनक्सवर मला फार काही करावं लागलं नाही. आतली सायप्रेसची एफएक्सटू चिप फर्मवेअर साठवून ठेवत नाही, दर वेळी लॅपटॉपकडून रॅममध्ये घेते, म्हणून लावल्यावर एक-दोन सेकंद गायब होऊन परत येते, घाबरू नका. डबीला स्वतःची मेमरीही नाही, सगळा डेटा सरळ लॅपटॉपला. १२ मेगाहर्ट्झला सेकंदाला १२ एमबी, मिनिटभर घेतलं तर ७२० एमबी. माझ्या जुन्या लॅपटॉपवर २४ ला मधेच थांबतो, हबमधून लावला तर हमखास. १२ वर आठ महिने काही तक्रार नाही.

ह्याला फक्त शून्य आणि एक कळतो, हे नीट लक्षात घेऊनच घ्या. माझ्या ईएसपी३२ च्या (वायफायवाला कंट्रोलर) बोर्डवर वायफाय सुरू झालं की ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा, मेसेज येऊन रीसेट व्हायचा, तिथं हा काहीच कामाचा नव्हता. सप्लाय क्षणभर किती खाली बसतो ते एका ओळखीच्यांच्या ऑसिलोस्कोपवर बघितल्यावर कळलं, मल्टिमीटर तेवढा चपळ नसतो.

क्लिपा मात्र भिकार. सोबत आलेल्या वायरीतल्या दोन आतून तुटलेल्या निघाल्या, आणि तुटलेली वायर वाईट का तर ती खोटा सिग्नल दाखवते, तासभर नसलेल्या चुकीमागं जातो. नव्या वायरी आधी ५ व्होल्टला, मग ग्राउंडला लावून आठही चॅनेल तपासा. आणि ५ व्होल्टच्या वर कुठंही लावू नका. माझी एक क्लिप सरकून सेन्सरच्या १२ व्होल्टच्या टर्मिनलला टेकली, तिसरा चॅनेल त्याच क्षणी गेला, नशीब बाकीचे सात राहिले. कारखान्यात लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर ठेवा, डबीचं ग्राउंड आणि लॅपटॉपचं ग्राउंड एकच असतं, चार्जरची गळती आणि मोटर पॅनेलचं अर्थिंग त्याच वायरीतून भेटायला नको.

मेल्या चॅनेलवर लाल टेप लावून ठेवलाय. मामांनी दोन महिने वहीत हातानं पण पिक लिहिले आणि काउंटरशी ताडून बघितले, मागच्या रविवारी वही बंद केली आणि म्हणाले उरलेल्या आठ मागांना पण लाव. बोर्ड सोल्डर करतोय, ह्या वेळी प्रत्येकावर सेन्सरच्या पिनशेजारी डबीची क्लिप बसेल अशी एक टेस्ट पिन काढलीये.