सेवाग्राम, सावंगी की यवतमाळ? एमबीबीएसचे पर्याय भरण्याआधी

वर्धा शहराच्या एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला सावंगी मेघे. दोन्हीकडे मेडिकल कॉलेज, दोन्हीकडे मोठा दवाखाना. तासाभराच्या आत एकीकडून दुसरीकडे पोचता येतं, पण आतला कारभार पार वेगळा. तिसरं यवतमाळचं सरकारी कॉलेज, त्याची तऱ्हा आणखी निराळी. नीटचा निकाल हातात घेऊन बसलेले आईबाबा आधी फी आणि कटऑफ विचारतात. ते विचारायलाच हवं. पण कॉलेज काढलं कोणी, कशासाठी, आणि आज तिथे शेवटचा शब्द कोणाचा, हेही विचारा. लेकरू पुढची साडेपाच वर्षं काय बघणार, कोणासारखं व्हायला शिकणार, हे बरंचसं त्यावरून ठरतं.

सेवाग्रामला आधी दवाखाना होता, कॉलेज नंतर आलं. गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं. 1944 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेत कस्तुरबा गेल्या, तेव्हा डॉ. सुशीला नायर त्याच कैदेत त्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यानंतर सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाचा दवाखाना उभा राहिला. नायर 1962 ते 1967 या काळात केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. दिल्लीत राहणं त्यांना सोपं होतं, पण 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी याच दवाखान्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून ती ओळखली जाते. 2001 साली त्या गेल्या, तोवर संस्थेचा श्वास म्हणजे बडी बहनजीच; तिथे सगळे त्यांना याच नावाने ओळखत.

हा इतिहास भिंतीवरच्या फोटोपुरता असता तर मी एवढा सांगत बसलो नसतो. नव्या मुलांचे पहिले दिवस आश्रमात जातात. खादी, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना हा तिथला रिवाज आहे. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे मुक्काम करते, घरं वाटून घेते आणि पुढेही त्या घरांची तब्येत बघत राहते. रक्तक्षय पुस्तकात वाचणं वेगळं आणि ज्या माउलीच्या हातचा चहा प्यायलो तिचं हिमोग्लोबिन सात निघणं वेगळं. आजूबाजूच्या गावांसाठी या दवाखान्याने आरोग्य विमाही चालवला, तोही ज्वारीच्या वर्गणीवर. सुगीत घरात धान्य असतं, रोकड नसते, हे त्यामागच्या डॉक्टरांनी ओळखलं होतं. नीट सक्तीची होण्याआधी इथल्या प्रवेश परीक्षेत गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा. तो गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कुठे चाललो आहोत हे मुलांना त्या अभ्यासातच कळायचं.

ही संस्था चालवते कस्तुरबा हेल्थ सोसायटी. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं, पाव हिस्सा राज्य सरकार, उरलेला सोसायटी. त्यामुळे फी आवाक्यात राहते. मात्र ज्याला शिस्त जाचते, खादी ओझं वाटते, त्याने इथे येऊन कुढत बसू नये. जागाही 100 च्या घरातल्या, म्हणजे गुण भरपूर लागतात.

सावंगीचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज 1990 चं. संस्थापक दत्ताजी मेघे, वर्ध्याचे खासदारही राहिलेले. दवाखान्याला आचार्य विनोबा भावे यांचं नाव आहे आणि विनोबांचं पवनार तिथून फार लांब नाही. 2005 साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. याचा सरळ अर्थ असा की परीक्षा आणि पदवी त्यांची स्वतःची असते. दंत, आयुर्वेद, नर्सिंग अशा शाखांचे विद्यार्थी एकाच आवारात शिकतात. निर्णय घ्यायला मुंबईची वाट बघावी लागत नाही, म्हणून यंत्रं आणि नवे विभाग लवकर येतात. हे बळ खरं आहे आणि ते मान्य करायला हवं.

पण फी वर्षाला 20 लाखांच्या पुढे. शेवटचं इंटर्नशिपचं वर्ष सोडून साडेचार वर्षांच्या फीचा हिशेब घरी कागदावर मांडा, त्यात होस्टेल आणि मेस धरा. प्रवेश देशपातळीवरच्या समुपदेशनातून होतो, महाराष्ट्राच्या रहिवाशाला वेगळा लाभ नाही. राज्य सरकारने 2024 पासून 8 लाखांखालच्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना दिलेली फीमाफीही अभिमत विद्यापीठात चालत नाही. पैसा हाताशी असेल तर सावंगी चांगलंच आहे. शेत विकून किंवा गहाण टाकून मात्र नाही, हे मी प्रत्येक बापाला तोंडावर सांगतो. कर्ज घेऊन डॉक्टर झालेल्या पोराला हप्ते फेडायला शहर गाठावंच लागतं, मनात गाव कितीही असलं तरी.

यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 चं. अधिष्ठाता सरकार नेमतं, बदल्या होतात, त्यामुळे एका माणसाची छाप संस्थेवर टिकत नाही. पदवी सेवाग्रामसारखीच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. 15 टक्के जागा देशभरासाठी, बाकी राज्याच्या. फी कमी, आणि पुढे एक वर्ष बंधपत्राची सेवा, म्हणजे लिहून दिल्याप्रमाणे सरकारी नोकरी. शिकवणारा खरा गुरू इथला रुग्ण. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, तेव्हा जिल्हाभरातले रुग्ण याच वॉर्डांत आले होते. सर्पदंश, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, अडलेली बाळंतीण, सगळं दारात येतं. ज्याला हाताने काम करून शिकायचंय त्याला इथे उसंत मिळणार नाही.

माझ्या भाचीसाठी मी क्रम लावला तो असा: सेवाग्राम, मग यवतमाळ. सावंगी तिच्या बाबांना झेपणारं नव्हतं, म्हणून यादीत घातलंच नाही. फॉर्म भरण्याआधी आम्ही दोघं दोन वेगळ्या सोमवारी सकाळी आठला या दोन्ही ठिकाणच्या ओपीडीत जाऊन बसलो होतो. केसपेपरच्या रांगेतल्या म्हाताऱ्याशी इंटर्न कसा बोलतो, ते ती तासभर बघत राहिली. तुम्हीही लेकराला घेऊन जा, आणि परत येताना बसमध्ये आधी त्यालाच बोलू द्या.