टर्बोच्या इंजिनात बिनटर्बोचे पिस्टन

वैशाखात चाळीसगावकडून केळी भरून येताना कन्नडच्या घाटात माझ्या टर्बो पिकअपचं (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंजिन पकडलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरातच अडकला. आधी आवाज जड झाला, मग गाडीनं दम सोडला. थांबली ती पुन्हा सेल्फनं हललीच नाही. इंजिनचं पूर्ण काम करून अवघे 4,000 किलोमीटर झाले होते. त्या कामाला 72,000 रुपये मोजले होते, त्यातले 40,000 मोसंबीच्या बागेवर घेतलेल्या उचलीतले.

मी अंबड तालुक्यातला. गाडी ऑइल खात होती, बॅक कॉम्प्रेशन मारत होती (जळालेला वायू पिस्टनच्या कडेनं खाली येत होता), म्हणून जालन्याला एका मिस्त्रीकडं नेली. त्यानं इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड उतरवलं, बोअरमध्ये (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरच्या भोकात) बोट फिरवलं आणि म्हणला, "भाऊ, बोअर पार गेलं. सरळ 1 मिमी मोठं करू. टर्बो आहे, बोअर वाढलं की ताकद वाढंल." मी हो म्हणलं.

बोटाला फक्त वरची कडा लागते, झीज कळत नाही. त्यासाठी भोकाचा व्यास मोजणारा बोअर गेज लागतो. तो वर, मधे आणि खाली, दर ठिकाणी दोन दिशांनी लावून चारही सिलिंडरांचे आकडे लिहायचे असतात. मोठ्या केलेल्या बोअरसाठीचे ओव्हरसाईज पिस्टन साधारण 0.25, 0.50, 0.75, 1.00 मिमी अशा टप्प्यांनी येतात. जुने मिस्त्री इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबानं दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात, ते हेच. सगळ्यात झिजलेला सिलिंडर ज्या लहानात लहान मापात साफ होतो, तेवढंच बोअर करायचं आणि बाकीचे तीनही त्याच मापाचे. आज वाचलेला धातू पुढच्या कामाला उरतो, भिंतही जाड राहते. टर्बोत आतला दाब जास्त, तिथं ही जाडी लागतेच. ताकदीचं म्हणाल तर माझ्या इंजिनाचं बोअर 94 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 90, म्हणजे 2,498 सीसी. 95 केल्यावर पन्नासेक सीसी वाढले, जेमतेम दोन टक्के. हे गणित मी आधी घरी बसून केलं असतं तर त्याच क्षणी गाडी परत आणली असती.

नवे पिस्टन आले तेव्हा मला डबे दाखवले. डब्यांवर टर्बोचाच नंबर होता. आत काय आहे ते मी उघडून पाहिलं नाही. काम झाल्यावर गाडी पहाटे अर्ध्या सेल्फला लागायची. आवाज जरा कडक वाटायचा, पण इंजिन नवं आहे म्हणून मी खूश होतो.

माझा मावसभाऊ वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. इंजिन उघडलं तेव्हा तो गेज आणि मायक्रोमीटर घेऊन आला. माझ्या लेकरानं जुन्यांपैकी एक पिस्टन खेळायला घरी आणला होता, तो त्यानं नव्याशेजारी उलटा ठेवला. जुन्याच्या पोटात ऑइल आत जायचं आणि बाहेर यायचं अशी दोन भोकं. खालून जेट ऑइलची धार मारतो, ते ऑइल पिस्टनच्या माथ्याच्या आतल्या पोकळीतून फिरून उष्णता घेऊन खाली पडतं. नव्याचं पोट सपाट, म्हणजे तो बिनटर्बोचा. जुन्याच्या स्कर्टला, म्हणजे खालच्या घेराला, जेटसाठी खाच होती, नव्याला तीही नाही. मग जेट कुठं गेले? "दादा, हे बघ," म्हणून त्यानं ब्लॉकमध्ये दाखवलं. चारही जेट काढून भोकं बोल्टनं बंद केलेली. पिस्टन जेटवर आदळत होते, म्हणून जेटच काढून टाकले! नव्याच्या माथ्यावरचा खड्डाही उथळ होता, त्यामुळं कॉम्प्रेशन वाढलं. अर्ध्या सेल्फला गाडी का लागायची ते मला तेव्हा कळलं.

तरीही पकडलं तिसऱ्याच सिलिंडरला. चारही बोअर सरळ 95.00 ला कापलेले, पिस्टन मात्र एका मापाचे नाहीत. शाबूत राहिलेल्यांत एकाला बोअरच्या भिंतीपासून 0.09 मिमी मोकळीक निघाली, तर दुसऱ्याला फक्त 0.03. तिसऱ्याचं माप घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भरली गाडी, चढ, टर्बो पूर्ण दाबावर, थंड करायला ऑइलची धार नाही. पिस्टन फुगणार तर जागा कुठली?

म्हणून पिस्टन आधी हातात घ्या, उलटे करून जुन्याशी ताडून बघा, मगच ब्लॉक बोअरिंगला द्या. बोअर करणाऱ्यानं प्रत्येक पिस्टन स्कर्टवर, गजनपिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, कंपनीनं सांगितलेल्या उंचीवर मोजायचा. त्यात कंपनीनं दिलेली मोकळीक मिळवून त्या त्या सिलिंडरचं माप ठरवायचं आणि शेवटचा बारीक भाग होनिंगला, म्हणजे दगडानं घासून घ्यायला राखायचा. जुने चारही पिस्टन मागून घ्या. भंगाराच्या दोनशे रुपयांसाठी सांगत नाही, तुमच्याकडं तोच पुरावा असतो.

मिस्त्रीकडं गेलो तर म्हणला, तुम्ही ओव्हरलोड भरलं. पावतीवर फक्त "इंजिन काम पूर्ण" एवढंच. ना माप, ना पिस्टनचा नंबर. मी काय दाखवणार? शेवटी चारही सिलिंडरांना आतून स्लीव्ह (धातूची नळी) बसवून बोअर परत 94 वर आणलं, टर्बोचे पिस्टन आणि नवे जेट घातले. आणखी 85,000 गेले आणि मोसंबीचा हंगाम भाड्याच्या गाडीवर काढला.

कुणी नुकतंच टर्बो गाडीचं इंजिन करून आणलं असेल आणि गाडी आधीपेक्षा कडक वाजत असेल, तर या आठवड्यातच इंजिनखालचा ऑइल पॅन उतरवून टॉर्चनं खालून बघा. तुमच्या इंजिनाला जेट असतात का ते आधी विचारून घ्या, आणि असतील तर सगळे जागेवर आहेत का ते स्वतः मोजा.