पुरात भिजलेल्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून घेतल्या, नागपूरच्या बर्डीतलं (सीताबर्डी) जिन्यावरचं दुकान, माझा अनुभव

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा कशाचा कापला ते पुढं येईलच. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण दुकानवाल्या दादांनीच सांगितलं, "नाव नका टाकू भाऊ, आम्ही दोनच माणसं आहोत, आधीच्याच कॅसेट पडून राहिल्या आहेत." तरी लिहून राहिलो, कारण आपल्या नागपुरात कितीतरी घरांत अशा भिजलेल्या कॅसेट पोत्यात बांधून पडल्या असतील आणि लोकांनी त्यांची आशा सोडली असेल. आमच्या १४ होत्या, ११ व्हीएचएस (म्हणजे व्हिडिओच्या) आणि ३ ऑडिओ. मीही सोडली होती.

२३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. आमचं घर अंबाझरी तलावाच्या खाली, नाग नदीच्या पट्ट्यात, तळमजला. गणपती बसलेले, आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं, पाहुणे झोपलेले, उरलेल्या पुरणाचा डबा ओट्यावरच. काही तासांत शंभर मिमीच्या वर पाऊस पडला, तलाव ओव्हरफ्लो झाला आणि पाणी आधी दारातून नाही तर मोरीतून वर आलं. आईनं पहिले गणपती उचलून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेले, मग खाली येऊन मला म्हणाली, "बाबू, दिवाणाखालची पेटी काढ रे आधी." मी म्हणालो, "थांब न आई, आधी गाडी काढतो."

गाडी म्हणजे माझी आरएक्स १००. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, ९८ सीसी, टू-स्ट्रोक, १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, आता चांगली मिळणं मुश्किल. मी २०११ मध्ये माझ्या पगारातून सेकंडहॅन्ड घेतली होती, स्वतःच्या कमाईची पहिली मोठी वस्तू, दर रविवारी पुसायचो. तर त्या पहाटे मी आणि शेजारचा पोरगा असे दोघं मिळून तिला ढकलत रस्त्याच्या चढावर नेत होतो आणि मधेच पाणी सीटपर्यंत आलं, शेवटी विजेच्या खांबाला बांधून परत आलो. तोवर घरात कमरेइतकं पाणी. पेटीची कडी ओढली तर हलेना, आत पूर्ण भरलं होतं. आई डायनिंग टेबलावर उभी होती आणि काहीच बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

त्या पेटीत आत्याच्या लग्नाची कॅसेट, ताईचं बारसं, माझी मुंज, १९९४ चा तान्हा पोळा (आमच्याकडचा पोरांचा, लाकडी नंदीचा पोळा), आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. बाबा २००९ मध्ये गेले. तेव्हा आमच्या घरी व्हिडिओ काढणारा मोबाईल नव्हता, म्हणजे बाबांचा आवाज जगात कुठं असेल तर त्या पेटीतच होता. हे मला त्या पहाटे सुचलं नाही, खरं सांगतो, डोक्यात गाडीच होती.

पूर ओसरल्यावर गाडी मेकॅनिककडे टाकली, इंजिन खोललं, वायरिंग नवीन, टाकी आतून साफ, कलर, सगळे मिळून ३८ हजार लागले आणि मी एकदाही का म्हणून विचारलं नाही. कॅसेट मात्र गच्चीवर उन्हात वाळत घातल्या, मग खतांच्या पोत्यात भरून माळ्यावर. (उन्हात घालणं ही मोठी चूक, कशी ते खाली लिहिलं आहे.)

मग २०२४ च्या महालक्ष्म्यांना ताई पुण्याहून आली, जेवणं झाल्यावर तिच्या लेकीनं विचारलं की आजोबा कसे बोलायचे. आम्ही तिघंही एकमेकांकडे पाहत राहिलो. फोटो आहेत, चष्मा आहे, घड्याळ आहे, चालायचे कसे ते ताईनं करूनही दाखवलं, पण बोलायचे कसे ते कोणालाच करून दाखवता येईना. त्या रात्री मी पोतं खाली काढलं.

आता दुकानाबद्दल. त्याआधी दोन जागी गेलो होतो. एकानं बुरशी पाहून हातही लावला नाही. दुसऱ्यानं तिथंच मशीनमध्ये टाकायला घेतली, मी थांबवलं म्हणून बरं, कारण बुरशी लागलेली टेप तशीच चालवली तर ती मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या कॅसेटलाही. तिसरं हे. बर्डीत मेन रोडवरून आत गल्लीत, वर जायला अरुंद जिना. पार्किंगचा विचारच करू नका, मेट्रोनं या, शंकरनगरहून चढलं तर सीताबर्डी तिसरं स्टेशन, तिथून पायी.

दादांनी पोतं उघडल्याबरोबर विचारलं, "ऊन दाखवलं का यांना?" मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत, पण समजावून सांगितलं ते तसंच लिहितो, कारण हे माहीत असतं तर आमची एक तरी कॅसेट जास्त वाचली असती. भिजलेली कॅसेट लावून पाहायची नाही. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, उष्णतेनं टेप आक्रसते. चिखल असेल तर स्वच्छ पाण्यानं, जमलं तर डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची, पुस्तकासारखी उभी करून पंख्याच्या हवेत सावलीत सुकवायची आणि लवकरात लवकर जाणकाराकडे न्यायची. फोटोंचे अल्बम चिकटले असतील तर सुके ओढायचे नाहीत, थंड स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू सोडवायचे, मग सावलीत सुट्टे पसरायचे.

काम कसं करतात ते त्यांनी मला बाजूला बसवून दाखवलं. कॅसेटच्या पोटाला पाच स्क्रू असतात, ते काढले की वरचं झाकण निघतं, आत दोन चक्र. अर्धा इंच रुंद टेप, तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या वर. ती सगळी मऊ कापडामधून हातानं फिरवत पुसायची, पांढरी पावडर दिसते ती बुरशी, त्यासाठी ते मास्क लावतात. मग ती टेप दुसऱ्या चांगल्या डब्यात बसवायची कारण जुन्या डब्यात गाळ राहतो. आत्याच्या लग्नाच्या कॅसेटला एका जागी घडी पडली होती, तेवढी बोटभर टेप कापून जोडली, व्हिडिओत तिथं मंगलाष्टकातला अर्धा शब्द उडतो, बस्स. त्यांच्याकडे चार व्हीसीआर आहेत, त्यातले दोन फक्त पार्टसाठी ठेवलेले, कारण नवीन मशीन आता बनतच नाही, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ ला उत्पादन थांबवलं तेव्हा शेवटचं बंद झालं. म्हणून ज्यांच्या माळ्यावर कॅसेट आहेत, भिजलेल्या असोत की कोरड्या, त्यांनी आणखी वाट पाहू नये असं मला मनापासून वाटते.

रेट: बुरशीवाली व्हीएचएस ८००, ऑडिओ ३००, निघाली नाही तर पैसे नाही. ८०० ऐकून मी घासाघीस सुरू केली आणि बोलता बोलताच मला ते ३८ हजार आठवले. गप्प बसलो. शेवटी दहा व्हीएचएस आणि दोन ऑडिओ निघाल्या, ८,६०० झाले, पेनड्राईव्हचे ७०० वेगळे.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलो ते. पाचव्या आठवड्यात दादांचा फोन आला, "भाऊ, तुमच्या तान्ह्या पोळ्याच्या कॅसेटमध्ये शेवटी सहा मिनिटं नुस्ती फरशी आहे." मी ऑफिसात होतो, घाईत होतो, म्हणालो कट करून टाका. ते म्हणाले, "करत नाही. आवाज येऊन राहिला त्यात. तुम्ही या, ऐका, मग सांगा." असं कोण सांगते हो आजकाल? बाकी ठिकाणी पॅकेजच असतं, कोरडा भाग उडवा, मागे गाणं टाका, सुरुवातीला फुलं उडवा, दीड तासाचं वीस मिनिटांत बसवा. या माणसानं सहा मिनिटं फरशी पाहिली आणि ठेवली.

आईला घेऊन गेलो. ७४ वर्षांची, गुडघे दुखतात, मी म्हटलं घरी आणतो तर म्हणाली मला मशीन पाहायचं आहे. दादांनी तिला काकू काकू करत स्वतःची गादीवाली खुर्ची दिली. आधी पोळा लावला. मी सात वर्षांचा, चाकांचा लाकडी नंदी, शिंगांना बेगड, गळ्यात झेंडूची माळ, डोक्यावर टोपी आणि टोपीचा रबर हनुवटीखाली. बोजारा (पोळ्याचे पैसे-खाऊ) मागायला घरोघरी चाललो आहे, हातात वाटीएवढी थैली. बाबा एका बाजूनं फ्रेममध्ये येतात, नंदीची माळ सरळ करतात, कॅमेऱ्याकडे न पाहता निघून जातात. हे सगळं मला थोडंफार आठवत होतं, फोटोही आहेत याचे.

मग काकांनी कॅमेरा अंगणातल्या बाजेवर ठेवला आणि बंद करायला विसरले. स्क्रीनवर शहाबादी फरशी, झेंडूची एक पाकळी आणि कोपऱ्यात नंदीचं एक चाक. एकदा चपला जातात, बाबांच्या. आणि आवाज.

आई म्हणते, "पुरण सैल झालं वाटते."
बाबा म्हणतात, "तूप टाक न अजून. पोट्ट्यांना काय कळते."
मग भांड्यांचा आवाज, कोणीतरी पाणी मागतं, बराच वेळ काही नाही. मग बाबा, अगदी हळू आवाजात, "बाबू झोपला का?"
"झोपला. थकला नंदी ओढून ओढून."
"टोपी काढ त्याची. हळूच काढ, रबर रुतून राहिला."

मी झोपलो होतो हो तेव्हा. माझ्या आयुष्यातली ही सहा मिनिटं माझ्याजवळ कधी नव्हतीच, आठवायला तरी कुठून येतील. माझ्या हनुवटीखालचा रबर कोणाच्या तरी लक्षात होता आणि मला ३१ वर्षांनी कळलं, ते पण मी कट करा म्हणालो असताना. मला दुकानात बसून रडू आलं, दादांनी काही न बोलता पंखा माझ्याकडे वळवला. आई रडली नाही. स्क्रीनकडे पाहतच म्हणाली, "पुरण सैल नव्हतं झालं," आणि मग दादांना, "अजून एकदा लावता का हो?"

चार वेळा लावलं त्यांनी. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं तरी.

आता कापलेला अर्धा. तीन आठवडे सांगून सात लागले, मी जानेवारी २०२५ मध्ये दिल्या त्या मार्चमध्ये मिळाल्या, आणि मधे दोनदा फोन मीच केला. पावती मागितली तेव्हाच लिहून दिली, तुम्ही कॅसेट मोजून, प्रत्येकीवर नंबर टाकून द्या आणि तसं लिहून घ्या, ही वस्तू हरवली तर दुसरी बाजारात मिळत नाही. दोन फाईलींची नावं उलटसुलट झाली होती, बारशाच्या जागी मुंज. आणि पेनड्राईव्ह जुन्या फॉरमॅटचा, त्यात चार जीबीवरची फाईल मावत नाही म्हणून मोठ्या कॅसेटचे तुकडे केले होते. मी परत नेला, एक्सफॅट (मोठी फाईल मावणारा नवा फॉरमॅट) करून अखंड फाईली घेतल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. घेण्याआधीच सांगा, आणि घरच्या टीव्हीला चालतो का ते लगेच लावून पाहा.

क्वालिटीबद्दल जास्त अपेक्षा ठेवू नका, व्हीएचएस मुळातच मऊ असते, रंग थोडे वाहतात, कडेला रेघा येतात. मी विचारलं एआयनं क्लिअर करता येते का, तर म्हणाले करता येते पण चेहरे मेणाचे होतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. नमुना दाखवला, मला पटलं, तसंच ठेवलं. फक्त चित्र थरथरत होतं ते स्थिर केलं आहे, छान केलं आहे.

जे गेलं ते पण सांगतो. एका लग्नाची कॅसेट अर्धीच निघाली, एक व्हीएचएस पूर्ण गेली, आणि आजीच्या ओव्यांची ऑडिओ कॅसेट गेली. टेप चिकटून गठ्ठा झाला होता. दादांनी तीन दिवस प्रयत्न केला, मग गठ्ठा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिला, फेकला नाही. आईला दोन ओव्या पाठ आहेत, बाकीच्या आजीलाच यायच्या. पेटी पहिले काढली असती तर त्या पण असत्या, हे मी आता धरूनच चाललो आहे.

कॉप्या तीन केल्या. एक घरी पण वरच्या मजल्यावर काकूंकडे, एक ताईकडे पुण्यात, एक ऑनलाईन. ताईच्या लेकीनं ती फरशी पाहिली आणि आता फोनवर "हळूच काढ, रबर रुतून राहिला" असं बाबांच्या सुरात म्हणते, सूर बरोबर पकडला आहे पोरीनं. गाडी आहे, चालवतो, आवडते अजूनही.

मामाकडून आणखी दोन कॅसेट मिळाल्या आहेत, त्या गुरुवारी द्यायला जाऊन राहिलो, आई पण येते म्हणाली. तुम्हीही असं एखादं दुकान शोधून मोठ्या माणसांना सोबत नेत असाल तर दुपारी दोननंतर न्या, तेव्हा गर्दी कमी असते, आणि या जिन्यावर डाव्या बाजूचा कठडा हलतो, त्यांना उजवीकडून धरायला सांगा.