पावसाळ्यात घेतलेली कयाक

मालवणजवळ देवबागला आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पाहुणे हटकून विचारतात, "कयाक आहे का?" म्हणून गेल्या जूनमध्ये दोन सीटची जुनी कयाक, म्हणजे वल्ह्याने हाकायची अरुंद बोट, घेतली आणि 24,000 रुपये घालवून बसलो.

मे संपता संपता आमच्याकडे वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते सप्टेंबरपर्यंत. धंदा गुंडाळणारे याच दिवसांत बोटी विकायला काढतात. मला विकणारा ओळखीतल्याच्या ओळखीचा. बोट शेडमध्ये ठेवलेली, लाल, चकाकती, मागच्या टोकाला शार्कचा कोरा करकरीत स्टिकर. एकदा पाण्यात टाकून बघू म्हटलं तर तो हसला. "आता पावसात खाडीत घालतलंस? सप्टेंबरात घाल नि माका सांग." फुगलेल्या नदीकडे बघून मलाही पटलं. पैसे रोख दिले, पावती मागितली नाही.

सप्टेंबरात भाच्याला घेऊन निघालो. वीसेक मिनिटांत वल्हं जड लागायला लागलं. पाणी तर कुठे दिसेना. ही बसायची जागा वर असलेली बोट म्हणजे बंद पोकळ डबा. गळती आतच साठते. वळताना ते साठलेलं पाणी एका बाजूला धावलं आणि आम्ही दोघे नदीत. लाइफ जॅकेट होती म्हणून बरं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली, ओढ सगळी नदीच्या मुखाकडे. एका होडीवाल्याने दोर टाकला.

घरी येऊन स्टिकर सोलला. खाली वीतभर चीर, तिच्यावर एम-सील, भेगा बुजवायचा लगदा, थापलेलं. नखाने उचकटलं तर पोळीसारखं अख्खं निघालं. शेजारचे काका आयुष्यभर मासेमारी केलेले; त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "ह्या फायबर न्हय, प्लॅश्टिक. ह्येका रेझीन धरूचा नाय." फायबरची होडी रेझीन-मॅट, म्हणजे काचतंतूचं कापड नि ते चिकटवणारं रसायन, लावून दुरुस्त करता येते. ही पॉलिथिनची. तिला त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करावं लागतं, आणि उन्हात भाजून ठिसूळ झालेलं प्लास्टिक तेही नीट धरत नाही. माझी तशीच भाजलेली होती. पुसल्यावर टायरच्या पॉलिशचा वास आला, लाल रंग गुलाबी पडला आणि तळव्यावर पांढरी पूड राहिली. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद.

गंमत म्हणजे तपासायला नदी लागतच नव्हती. मागचं बूच काढायचं, आत दोन-तीन बादल्या पाणी ओतायचं, बूच लावून बोट इकडून तिकडे कलवायची. चीर असेल तिथून पाणी बाहेर येतं. पाणी वाहून जायची भोकं आणि वाळूवरून फरपटून झिजलेलं मागचं बूड, इथे आधी बघा. अंगठा दाबा, प्लास्टिक पातळ झालं असेल तर आत जातं. स्टिकर असेल तर तो सोलायला सांगा. तो "राहू दे" म्हणाला की तिथूनच परत फिरा.

यंदा पुन्हा शोधायला निघालो. पहिल्याने बादली बघूनच बोलणं बंद केलं. दुसऱ्याच्या बोटीतून धार लागली. तिसऱ्याने काही न बोलता नळाला पाइप जोडून आणून दिला. त्याचीच घेतली, तीन हजार जास्त देऊन.